टीव्हीचं नाव सुमती

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस सावित्रीच्या काठावर झाला नसेल, आणि इतका प्रेमळ संशयी तर अख्ख्या कोकणात सापडायचा नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात जन्मभर फाटकावर राखण करून ते निवृत्त झाले, पण फाटक काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पास घरी विसरलेल्या बड्या साहेबाला त्यांनी एकदा भर उन्हात बाहेर थांबवलं होतं, आणि वर स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला खायला घातली होती. घरी दूधवाल्याला आधी आवाज द्यावा लागे, मग खिडकीतून तोंड दाखवावं लागे, आणि एकदा आत घेतला की चहा प्यायल्याखेरीज त्याची सुटका नसे. मामी कुडपण गावच्या, डोंगरमाथ्यावरच्या. तिकडे दाराला कडी घालतात ती वाऱ्यासाठी. त्या हसायच्या, "ह्यांना वाटतं, चोर रांग लावून उभे हायत. अवो, आपल्याकडं न्यायला हाय काय?"

मामी अचानक गेल्या. त्यानंतर मी माझा जुना लॅपटॉप मामांना दिला, त्यात मामींचा कुडपणला काढलेला व्हिडिओ होता म्हणून. छोट्या पडद्यावर त्यांना नीट दिसेना, तेव्हा तारेशिवाय तो टीव्हीवर कसा लावायचा ते मी फोनवरून समजावलं. पण मामांनी तोवर लॅपटॉपमध्ये सुरक्षेचं सॉफ्टवेअर घालून घेतलं होतं आणि त्याची फायरवॉल होईल तितकी कडक करून ठेवली होती. ते तिला 'कंपाउंड' म्हणत. "आता मला विचारल्याशिवाय कोण आत येत नाय," असं अभिमानानं सांगत. व्हिडिओ लागला का, असं विचारलं की मात्र पावसापाण्याचं बोलू लागत.

वर्षश्राद्धाला आम्ही नवराबायको महाडला गेलो. तिन्हीसांज होती. वसाहतीकडून तो नेहमीचा औषधी वास येत होता, आणि घर नको इतकं शांत वाटत होतं. मामांनी देवापुढे दिवा लावला, दार लावून घेतलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"जावईबापू, एक दाखवायचं हाय. घाबरू नका."

त्यांनी लॅपटॉपवर मामींचा व्हिडिओ उघडला आणि तो टीव्हीवर पाठवायचं बटण दाबलं. समोरचा टीव्ही काळा झाला. क्षणभरानं लॅपटॉप टिंग् करून वाजला आणि पडद्यावर चौकट उमटली: 'सुमती या संगणकाशी जोडणी करू पाहत आहे. परवानगी द्यायची?'

सुमती हे मामींचं नाव.

मी मागं वळून बघितलं. घरात आम्हा तिघांखेरीज कोणी नव्हतं. मामींचा फोन तर कधीच बंद करून कपाटात ठेवलेला.

"मी व्हिडिओ लावला की येते," मामा म्हणाले. "रोज विचारते. मी रोज नाय म्हणतो. मग टीव्ही तसाच काळा राहतो."

"पण नाही का म्हणता, मामा?"

मामांनी लॅपटॉप जवळ ओढला. "आत घ्यावंसं वाटत नाय असं नाय हो. पन आत आली, आणि परत गेली तर?"

तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली. तिनं चौकट वाचली आणि पदरानं डोळे पुसत हसायलाच लागली.

"मामा, अहो, हे टीव्हीचं नाव आहे! टीव्ही नवा आला तेव्हा मी इथेच होते. सुरू करताना त्यानं नाव विचारलं. मामींना वाटलं, आपलंच विचारतोय. त्यांनी टाकलं 'सुमती'. मी बदलू का म्हटलं, तर म्हणाल्या, राहू दे गो, त्याला तरी माझं नाव ठाऊक असू दे."

म्हणजे टीव्ही लॅपटॉपकडे चित्र मागत होता आणि मामांचं कंपाउंड त्याला बाहेर अडवत होतं, एवढंच. मामांनी ऐकून घेतलं. मग 'हो' दाबलं.

काळ्या पडद्यावर कुडपणचा माळ उजळला. शेळ्यांमागे पदर खोचून निघालेल्या मामी वळल्या आणि थेट आमच्याकडे बघून म्हणाल्या, "अवो, झालं काय? बंद करा ते. शेळ्या गेल्या की खाली!"

खुलासा झाला होता, तरी मला पडद्याकडे बघवेना. मामा मात्र हसत होते, आणि गाल पुसत नव्हते.

लॅपटॉपवरची चौकट आता विचारत होती: परवानगी 'फक्त या वेळी' की 'नेहमीसाठी'? रोजची कटकट मिटावी म्हणून मी 'नेहमीसाठी'कडे हात नेला. मामांनी माझं मनगट धरलं.

"नको, जावईबापू," ते म्हणाले. "रोज विचारू दे तिला."