लाल गाडी आणि दहाचं प्रॅक्टिकल

तुमसरहून भंडाऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये बसलो की माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायचा. डावा हात मांडीवर गिअर शोधायचा. वळण आलं की मी अंगानंच गाडी वळवायचो आणि शेजारचा माणूस सरकून बसायचा. एकदा तर तिसऱ्या गिअरला जाताना समोरच्या बाईंच्या पिशवीतली दोन वांगी मी बुटाखाली चेपली. बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का बाबू?" मी म्हटलं, "नाही, ठीक आहे." वांग्यांचं ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घर चिखल्याला, खाणीच्या कॉलनीत. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. कॉलेज भंडाऱ्याला. बस वेळेवर सुटायची, अडचण फक्त माझ्या उठण्याची होती. त्यामुळे पहिला तास माझ्याविना सुरू व्हायचा आणि पुष्कळदा दुसराही. मी घरी सांगितलं की गाडी असती तर हे झालंच नसतं. बाबांनी आधी दुर्लक्ष केलं. मग बरेच दिवस माझी भुणभुण ऐकून बाजूला टाकलेले थोडे पैसे काढतो म्हणाले. पण एक अट घातली.

"गाडी कालेजात जाले हाय. परीक्षेले बसला नाही त गाडीचं नाव काढाचं नाही."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

मग मी गाडी शोधायला लागलो, आणि गाडी शोधायची म्हणजे कॉलेज बुडवायचं. आज साकोली, उद्या लाखनी. वर्गात बसलो तरी बाकाखाली फोनवर जुन्या गाड्यांचे फोटो सरकवत असायचो. वेळेवर पोचण्यासाठी गाडी हवी म्हणून निघालेला मी दीड महिना कुठंच वेळेवर पोचलो नाही. शेवटी आमच्या विभागाच्या मॅडमनी बोलावून हजेरीचं रजिस्टर समोर ठेवलं. माझ्या नावापुढची ओळ जवळजवळ कोरी होती.

"सात प्रॅक्टिकल उरलीत," त्या म्हणाल्या. "सातही दिवस दहाला हजर राहिलास तर परीक्षेच्या फॉर्मवर सही करते. एक जरी चुकलं तर हे सत्र गेलं. पुढच्या वेळी पुन्हा बस."

आता खरंच गाडी हवी होती, आणि लगेच.

बाबांनी पवनीची एक गाडी शोधून काढली. पांढरी, एका निवृत्त गुरुजींची. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. "घड्याळ हाय हे," म्हणाले. मी चालवून पाहिली. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करायची, मग घरच्यांना विचारायची, मग निघायची. किंमत आमच्या आवाक्यातली होती, कागद स्वच्छ होते, नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी म्हटलं, "हॉर्न बसका वाटते."

"तुले हॉर्न वाजवाचा हाय का कालेजात जाचं हाय?" बाबा म्हणाले. मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मला सिहोऱ्याची लाल गाडी भेटली. लाल म्हणजे दारांपुरती, टप उन्हानं गुलाबी झाला होता. लहानशी, बुटकी, वजनानं हलकी, पण त्या अंगाच्या मानानं इंजिन दांडगं. गिअरची दांडी आखूड. मालक धानाचा शेतकरी, शिवाय धान घेणं-विकणंही करायचा. त्यानं किल्ली दिली आणि मी नहराच्या कडेच्या रस्त्यानं निघालो. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा गाडी पुढे गेली आणि माझं पोट मागच्या सीटवर राहिलं. रस्त्यावरचा एकेक खडा स्टिअरिंगमधून तळहाताला कळत होता. परत येऊन उतरलो तेव्हा मी चेहरा गंभीर ठेवला होता असं मला वाटत होतं. मालक माझ्याकडे पाहून नुसता हसला. किंमत त्यानं तेव्हाच ठरवली असणार.

"पैसे आता नोको देऊ," तो म्हणाला. "आठ रोज चालवून पाय. पसंत आली त दे, नाही त किल्ली आनून दे."

एवढा भला माणूस मी पाहिला नव्हता.

"एवढंच कर, सकाळी आमच्या बाया बांधीवर सोडून देजो. तुह्या रस्त्यातच हाय."

चिखल्याहून भंडाऱ्याला जाताना सिहोरा रस्त्यात येतं असं म्हणायला नकाशा उलटा धरावा लागतो. मी धरला.

उन्हाळी धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. तलावाचं पाणी नहराला सुटलं की सगळ्यांच्या बांध्या, धानाची चिखलणी केलेली शेतं, एकदमच तयार होतात, आणि रोवणाऱ्या बाया तेवढ्याच. सकाळी ज्याची गाडी आधी दारात उभी, त्याच्या बांधीत बाया. त्या रोजानं नाही, गुत्त्यानं काम करायच्या. जितक्या बांध्या लावून होतील तितके पैसे, म्हणून त्यांनाही पोचायची घाई.

बाबांना मी सांगितलं, ट्रायल चालू आहे. ते म्हणाले, "आठ रोजाची ट्रायल?"

पहिल्या दिवशी अंधारातच निघालो. सिहोऱ्याजवळच्या गावात पाच बाया रस्त्यावर उभ्या होत्या, डोक्यावरून शाली घेतलेल्या, हातात जेवणाचे डबे. टोळीची म्होरकी पन्नाशीची होती. ती माझ्या शेजारी बसली, चार जणी मागे. मी ऐटीत गाडी सोडली.

"काहून रे बाबू, बैल उधळला का?" म्होरकी म्हणाली.

"पिकअप आहे मावशी."

"मले काय समजत नाही. डबा सांडला त तुले चाटाले लावीन."

मागून हसू आलं. त्यांना बांधीवर सोडून मी भंडाऱ्याकडे सुटलो आणि दहाला पाच कमी असताना प्रॅक्टिकलच्या खोलीत उभा होतो. मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. असे तीन दिवस झाले. पेट्रोल माझं, म्हणजे माझ्या खानावळीच्या पैशांचं. दुपारी मी मित्रांच्या डब्यांवर जगायचो आणि त्यांना गाडीची तारीफ ऐकवायचो. गाडी स्टाफरूमसमोरच्या झाडाखाली लावायचो, सगळ्यांना दिसेल अशी.

चौथ्या दिवशी म्होरकीनं सहज म्हटलं, "मागल्या साली मोहाडीचा पोट्टा होता. तो सावकास चालवे."

"कोणता पोट्टा?"

"असाच. गाडी घेवाले आलता. आठ रोज चालवून पाहे."

"त्याच्या आंधी वरठीचा होता," मागून एक म्हणाली. "तो गाने म्हने."

"मग घेतली का त्यांनी?"

म्होरकीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "घेतली असती त तू कायले बसला असता इथं?"

मागच्या चौघी इतक्या हसल्या की आरशात मला नुसत्या शाली हलताना दिसल्या. मालक दर रोवणीला गाडी विकायला काढत होता. ड्रायव्हर फुकट, पेट्रोल फुकट. फसल्याचं कळलं की शहाणा माणूस किल्ली फेकून येतो. पाचव्या दिवशी मी पंधरा मिनिटं आधीच बायांच्या गावात हजर होतो. हे त्या मालकाला माझ्या आधी ठाऊक होतं.

माझ्या परीक्षेचं बायांनाही कळलं होतं. "तुयी हजेरी लागून रायली का?" म्होरकी रोज विचारायची, आणि मी बोटं दाखवायचो. पाच झाली, दोन राहिली.

सहाव्या दिवशी बांधी नहराच्या पलीकडे होती. म्होरकी म्हणाली, "इथंच उतरव. आमी धुऱ्यानं चालत जातो." धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, बैलगाडी जाईल एवढा. मी म्हटलं, अगदी बांधीत नेऊन सोडतो. कोणी सांगितलं नव्हतं. मला फक्त पाहायचं होतं की ही गाडी त्या अरुंद वाटेवर कशी चालते.

थोडं अंतर छान चालली. मग ओल्या कडेची माती सुटली आणि डावीकडची दोन्ही चाकं हळूच, अगदी सभ्यपणे, काल लावलेल्या बांधीत उतरली. आम्ही सहाही जण डावीकडे झुकलो. एक डबा तेवढा सांडला.

मी उतरलो आणि गुडघ्याएवढ्या चिखलात उभा राहून अगं आई, अगं आई करायला लागलो. म्होरकीनं लुगडं वर खोचलं.

"किती वाजता हाय तुयी हजेरी?"

"दहाला."

"मंग बोंबलू नोको. आत बस अन् गिअर टाक."

त्यांनी शेजारच्या पेंढ्याच्या ढिगातून तणस ओढून आणली आणि चाकांखाली कोंबली. दोघींनी मागून, तिघींनी बाजूनं हात घातले. मी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा मागच्या दोघींच्या तोंडावर चिखल उडाला. एकीनं मला माझ्या आईवरून काही ऐकवलं. तिसऱ्या खेपेला गाडी वर आली. मागे बांधीत लांब पट्टी उघडी पडली होती, पऱ्ह्यांची हिरवी रोपं चिखलात दाबली गेली होती. कालचंच त्यांचं काम. पलीकडच्या बांधीत दुसऱ्या टोळीचं रोवणं केव्हाच सुरू झालं होतं.

"ते पाहू आमी," म्होरकी म्हणाली. "तू निंग. टाइम हाय अजून."

टाइम होता. सरळ निघालो असतो तर दहाच्या आधी सहज पोचलो असतो.

नहराच्या पुलाशी आलो आणि गाडीकडे पाहिलं. दाराच्या मुठीपर्यंत चिखल. ही अशी गाडी त्या झाडाखाली लावायची? दोन दिवसांपूर्वीच पहिल्या वर्षाच्या काही मुलींनी विचारलं होतं, ही कोणाची रे. मी थांबलो. फक्त काच धुऊ म्हटलं. सांडलेला डबा गाडीतच राहिला होता, त्याचंच झाकण घेतलं आणि नहरातून पाणी मारलं. काच झाली. मग दारं राहिली असती तर बरं दिसलं नसतं. दारं झाली. मग चाकं. चाकांच्या जाळीतली माती मी बोटानं काढली. एकेका भोकातली, बोटानं. घड्याळ हातातच होतं, पण मनगट चिखलानं भरलेलं होतं आणि ते मी धुतलं नाही.

पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. खोलीचं दार बंद. मॅडम बाहेर आल्या.

"रोवणीत गाडी फसली मॅडम. खरंच. पँट पाहा."

त्यांनी पँट पाहिली. मग खिडकीतून खाली पाहिलं. झाडाखाली गाडी उन्हात चमकत होती, पुढच्या बंपरमधून अजून पाणी गळत होतं.

"ती?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"पुढच्या सत्रात ये," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते अंगणात हातावरचा ग्रीस पुसत होते.

"किती उशीर झाला?"

"दहा मिनिटं."

"अन् धुवाले किती लागले?"

"अर्धा तास असेल."

त्यांनी एकेक बोट पुसून काढलं. फिटर माणूस, हिशोब त्यांना मोठ्यानं करावा लागत नाही. "पैसे आता फीले लागतीन," म्हणाले. "किल्ली देऊन ये."

सातव्या दिवशी सकाळी मी गेलो. किल्ली दुपारीही देता आली असती, पण अंथरुणात पडून राहणं जमेना, आणि बाया रस्त्यावर उभ्या असणार होत्या. त्या बसल्या तशी म्होरकीनं विचारलं, "पोचला का काल?"

मी गोष्ट सांगायला सुरुवात केली. माझ्या फजितीच्या गोष्टी मी बऱ्या सांगतो, लोक पोट धरून हसतात. काच कशी धुतली, मग दारं कशी धुतली, बोटानं माती कशी काढली, मॅडमनी खिडकीतून कसं पाहिलं, सगळं हावभावांसकट. आरशात पाहिलं. चौघी माझ्याकडे पाहत होत्या. कोणी हसलं नाही.

"तू गाडी धूत होता?" मागची एक म्हणाली.

"हो ना."

"आमच्या काल दोन बांध्या कमी भरल्या," म्होरकी म्हणाली. "तुले लवकर काढाचं म्हनून."

मग नहर येईपर्यंत मी कधी नव्हे ते तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. पुलाशी गाडी थांबवली. त्या उतरल्या, डबे घेतले. चार जणी धुऱ्यानं पुढे गेल्या. म्होरकी दाराशी थांबली.

"आता तुले कोठं जाचं हाय?"

"कुठंच नाही."

"मंग चाल. ते पट्टी तशीच राह्यली हाय."

मी बूट काढले, पँट दुमडली आणि बांधीत उतरलो. पाणी इतकं गार होतं की पाय माझे वाटेनात. तिनं पऱ्ह्यांची जुडी हातात दिली, तीन-चार काड्या वेगळ्या करून अंगठ्यानं चिखलात कशा रोवायच्या ते एकदाच दाखवलं आणि आपल्या ओळीला निघून गेली. मी लावायला लागलो. काही रोपं तरंगून वर यायची, काही इतकी खोल जायची की दिसायचीच नाहीत. थोड्या वेळानं कंबर सरळ करायला उठलो आणि मागे वळून पाहिलं. सगळ्यांत धाकटी बाई माझ्या ओळीवरून येत होती. मी लावलेलं एकेक रोप ती उपटत होती आणि पुन्हा लावत होती. वाकलेलीच म्हणाली, "तू लाव, थांबू नोको."

दहा वाजून गेले होते. मी पुन्हा वाकलो.