कासेचा ढग आणि नाल्यावरचा पूल

“मॅडम, ‘क्लिअर’ बोल दो ना. एक ही तो शब्द है.”

एमआरओ साहेब माझ्या वेधशाळेच्या कुंपणाला टेकून उभे होते. एमआरओ म्हणजे मंडल रेव्हेन्यू ऑफिसर, तुमच्याकडे ज्यांना तहसीलदार म्हणतात ते. आमच्या आंध्र प्रदेशात त्या वेळी तालुके मोडून मंडलं झाली होती. साहेब करीमनगरकडचे, तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सफारी घातला होता आणि पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. शेजारी पोलिसांची जीप, जीपमध्ये वायरलेस, आणि वायरलेसवाला शिपाई माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. तिकडे आदिलाबादला हेलिकॉप्टर उभं. पायलट विचारत होता, वरचं आकाश कसं आहे?

मी मान वर करून बघत होते. असलं आकाश मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं.

आधी माझं काम काय ते सांगते. वांकिडी मंडलात एका सरकारी बियाण्याच्या फार्मच्या कोपऱ्यात आमची छोटी वेधशाळा होती. एक पांढरी जाळीची पेटी, तिच्यात थर्मामीटर, पाऊस मोजायचं नळकांडं, वाऱ्याचा कोंबडा आणि मी. गावात मला ‘हवावाली बाई’ म्हणत. ठरल्या वेळी बाहेर यायचं, सगळं मोजायचं, ढग बघायचे आणि वर कळवायचं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. ढग मी भिंतीवरच्या तक्त्यावरून स्वतःच शिकले. तक्त्यात बघायचं, बाहेर जायचं, वर बघायचं, परत आत यायचं. लोकांना वाटे बाईला मानेचा काही आजार आहे.

आमच्या कामात एक नियम फार मोठा. जे दिसतं ते सांगायचं. पाऊस येईल की नाही हे सांगायचं काम आमचं नाही, त्याला मोठं ऑफिस आहे. आणि दिसतं म्हणजे डोक्यावरचंच नाही. आम्ही आकाशाचे आठ भाग करतो, भाकरीचे तुकडे करावेत तसे, आणि क्षितिजापासून क्षितिजापर्यंत किती भाग ढगांनी झाकले ते मोजतो. बाकी सगळी दुनिया मान वर करून डोक्यावरचा तुकडा तेवढा बघते आणि म्हणते, साफ आहे. त्या दिवशी एमआरओ साहेबांचंही तेच चाललं होतं.

आता हेलिकॉप्टर कशाला, तेही सांगते.

आमच्या गावाबाहेर एक नाला आहे. त्याच्या पल्याड तीन-चार गावं. पावसाळ्यात नाला भरला की ती गावं तुटायची. शाळेची मास्तरीण इकडे, पोरं तिकडे. पल्याडची गयाबाई माझी मैत्रीण. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची. बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यायची आणि माझ्या पायरीवर बसून चहा प्यायची. मागच्याच पावसाळ्यात तिचं भरलं टोपलं वाहून गेलं होतं. ती हसत सांगायची, “माह्या मिरच्या वर्धेत गेल्या बाई, मासे ठसकत असतीन.” पण सांगताना डोळे हसत नव्हते. त्या पाण्यात टोपल्याच्या जागी नातू असता तर, हे ती बोलली नाही, मीही बोलले नाही.

तर त्या नाल्यावर पूल मंजूर झाला होता. पायाभरणीला मंत्री येणार होते, हेलिकॉप्टरनं, थेट पल्याडच्या शाळेच्या मैदानावर. तिथं चुन्यानं गोल काढला होता, मांडव घातला होता. पण मंत्र्यांच्या तारखा म्हणजे काय सांगावं. दोनदा येऊन हुकल्या होत्या. ही हुकली तर पूल गेला, असं जो तो म्हणत होता. निवडणूक जवळ होती. नंतर कोण विचारतं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस. पाऊस सरत आलेला, पण दुपारी असं उकडायचं की कोंबड्या चोच उघडून बसायच्या. उत्तरेकडे सकाळपासून ढगाचा एक मनोरा चढत होता. फुलकोबीसारखा, वर वर. त्याला आमच्या भाषेत सीबी म्हणतात. गडगडाटाचा, विजेचा ढग. दुपारपर्यंत त्याचा माथा पसरून सपाट झाला, लोहाराच्या ऐरणीसारखा, आणि ती ऐरण लांबत लांबत आमच्या डोक्यावर आली. इथपर्यंत माझ्या ओळखीचं होतं.

मग तिच्या खालच्या अंगाला थैल्या लोंबायला लागल्या.

गोल गोल, गुबगुबीत, एकीला लागून एक, सगळ्या आकाशभर. तिरपं ऊन त्यांच्यावर पडलेलं, एक बाजू सोनेरी, एक निळसर. माझ्या पायरीवर गयाबाई बसली होती. भूमिपूजेचं हळद-कुंकू, नारळ न्यायला ती अल्याड आली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “माय वं. म्हैस व्याले आली का अशी कास सोडते.”

तक्त्यावर ह्या ढगाला मॅमॅटस नाव होतं. त्या नावाचा अर्थही जवळपास तोच. म्हणजे गयाबाईनं तक्ता न बघताच सांगितलं.

हा ढग होतो कसा? साधं आहे. एरवी ढग होतो तो चढणाऱ्या हवेचा. गरम, ओली हवा वर जाते, गार पडते, वाफेचे थेंब होतात. हा ढग उलटा, उतरणाऱ्या हवेचा. त्या ऐरणीत बर्फाचे बारीक कण असतात. ते खालच्या कोरड्या हवेत पडले की विरतात, आणि विरताना हवेतली ऊब ओढून घेतात. उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळून माठ गार करतो ना, तसंच. ती हवा गार होते, जड होते आणि गोळ्यागोळ्यांनी खाली बसते. त्याच ह्या थैल्या. शिकलेल्या लोकांचंही ह्यावर पुरतं एकमत नाही म्हणतात, पण मला पटलं ते हे.

थैल्यांतून पाऊस पडत नाही. त्यांच्याखाली वाराही नसतो. त्या दिवशी तर झाडाचं पान हलत नव्हतं. म्हणूनच एमआरओ साहेब पेटले होते.

“पानी है क्या? नहीं. हवा है क्या? नहीं. फिर प्रॉब्लेम क्या है मॅडम?”

“साहेब, ही कास आहे. म्हैस मागं आहे,” मी म्हणाले, आणि उत्तरेला बोट केलं. “हेलिकॉप्टरला त्याच्या कडेनंच यावं लागणार. त्या ढगाच्या पोटात हवा एकीकडे वर चढते, एकीकडे खाली आदळते. पायलटला विचारा.”

“पायलट को क्यूं पूछना? तुम मत बोलो, वो नहीं पूछेगा.”

आता माझं ऐका. पूल मलाही हवा होता. साहेबही वाईट माणूस नव्हता. त्या पुलासाठी त्यानं हैदराबादच्या किती खेपा घातल्या ते मी बघितलं होतं. एक शब्द सांगितला असता तर कुणाला कळलं असतं? पण माझा शब्द ऐकून एक माणूस यंत्र उचलून आकाशात जाणार होता. मी शिपायाला म्हणाले, “सांग. सीबी उत्तरेला. डोक्यावर मॅमॅटस. आकाश सात भाग झाकलेलं.”

शिपायानं सांगितलं. तिकडून खरखर आली. मग आवाज आला, “मॅमॅटस? कन्फर्म करा.”

“कन्फर्म,” मी म्हणाले.

थोड्या वेळानं निरोप आला. हेलिकॉप्टर उडणार नाही.

एमआरओ साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि ते जीपच्या बॉनेटवर बसले. गयाबाई मात्र उठली.

“काऊन असं केलं बाई? तुह्या ढगानं आमचा पूल खाल्ला.”

“मी ढग आणला का गया?”

“आणला नाई, पण सांगितला तर तूच. मुकी राह्यली असती तर काय झालं असतं?”

चहा तसाच टाकून ती कुंपणापाशी जाऊन पाठमोरी बसली. इतक्या वर्षांत तिनं माझा चहा टाकला नव्हता. मला ते फार लागलं.

मग उत्तरेकडून दुसरी गंमत आली. हा ढगही मी आधी तक्त्यातच बघितला होता. जमिनीपासून थोडा वर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लांबच लांब वळकटी. कुणीतरी मोठी सतरंजी गुंडाळत आणावी तशी. होतं असं की मागच्या पावसाबरोबर थंड हवा धबकन जमिनीवर पडते आणि बादली लवंडल्यावर पाणी पसरतं तशी चहूकडे पसरते. पुढच्या गरम हवेखाली ती घुसते, तिला वर ढकलते, आणि त्या कडेला ही वळकटी तयार होते. दिसायला देखणी. पण तिच्या मागोमाग वारा असतो.

“साहेब, आत या,” मी म्हणाले. “गया, तूही.”

“मी नाई येत.”

तेवढ्यात वाऱ्याचा कोंबडा गर्रकन फिरला आणि गयाबाई माझ्या आधी आत पोहोचली. पुढं जे झालं ते आम्ही खिडकीतून बघितलं. जीपची ताडपत्री उडाली. फार्मच्या फाटकावरचं स्वागताचं कापड निघून कडुनिंबाच्या शेंड्याला गुंडाळलं. गाराही पडल्या. एमआरओ साहेब खिडकीशी उभे होते. हळूच म्हणाले, “अभी लँडिंग का टाइम था.”

गयाबाईनं स्वतःच स्टोव्ह पेटवला.

पाऊस थांबला तशी वायरलेसवर बातमी आली. मंत्री मघाच गाडीनं निघालेत, पोहोचतीलच. साहेब टाळी वाजवून उठले, आणि दारातच थबकले. “लेकिन नाला!”

नाल्याला पाणी आलंच होतं. आम्ही सगळे काठावर गेलो. गढूळ पाणी, मांडीच्या वर. पल्याड मांडव झोपलेला, पण लोक जागचे हलले नव्हते. गाड्या आल्या. मंत्री उतरले. जाडे, पांढरंशुभ्र धोतर, अंगाला अत्तराचा वास. नाला बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांच्याबरोबरचे इंजिनिअर म्हणाले, “सर, पायाभरणीचा दगड इकडेच बसवू. काय फरक पडतो?”

गयाबाई पदर खोचून पुढं झाली. मंत्र्यांना थोडं मराठी येत होतं.

“या नं साहेब. आमी तर रोजच येतो. माहा हात धरा.”

“पाणी किती आहे अम्मा?”

“आज कमी हाय.”

पल्याडून लोक बघत होते. मतं तिकडे होती. मंत्र्यांनी धोतर खोचलं आणि उतरले. एका बाजूला गयाबाई, दुसऱ्या बाजूला एमआरओ साहेब, त्यांचा पांढरा सफारी आता चहाच्या रंगाचा झालेला. मागे इंजिनिअर, डोक्यावर बॅग. मी सगळ्यात मागे, कारण घरी बसवलं नसतं. मध्यावर मंत्र्यांची एक चप्पल गेली. ते थांबले, तिच्याकडे बघत राहिले.

“जाऊ द्या साहेब,” गयाबाई म्हणाली. “माह्या मिरच्यांच्या मागं गेली ते.”

पल्याड पोहोचलो. मंत्री एका पायात चप्पल घालून धोतर पिळत उभे राहिले. पूजेआधी त्यांनी इंजिनिअरला विचारलं. बोलणं तेलुगूत होतं, मला कळलं तसं सांगते.

“पुलाची उंची किती?”

“लो-लेव्हल आहे सर. रपटा.”

रपटा म्हणजे नाल्याच्या तळाला लागून टाकलेली सिमेंटची फरशी. कोरड्यात गाडी जाते, पाणी आलं की बुडते. दगडावर ‘पूल’ लिहिलं होतं, पण होणार होता रपटा. गयाबाईला हे माहीत नव्हतं. मलाही नाही. एमआरओ साहेबांनी मान खाली घातली. तेवढाच मिळत होता, तेवढा तरी मिळावा म्हणून ते पळत होते.

“आज मी उतरलो, तिथं तुमचा रपटा कुठं असता?”

“पाण्याखाली, सर.”

“मग पुढच्या वर्षी उद्घाटनाला मी असाच येऊ?”

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी तोंडं फिरवली. मंत्र्यांनी तिथंच सांगितलं, उंच पुलाचं एस्टिमेट करा, मी सही करतो. नारळ फुटला. मला वाटलं, बोलायच्या गोष्टी. पण सही झाली. पूल व्हायला वेळ लागला, मधे एक ठेकेदार पळूनही गेला, पण झाला. उंच झाला. सगळ्यात मोठ्या पुरातही पाणी त्याच्या खालून गेलं.

एमआरओ साहेबांची नंतर बदली झाली. जायच्या आधी चहाला आले होते. म्हणाले, “मॅडम, वो भैंस वाला बादल फिर आए तो मेरेको फोन करना. मेरे नए मंडल में भी एक नाला है.”

गयाबाईची मात्र तक्रार आहे. पूल झाल्यावर व्यापाऱ्याचा टेम्पो तिच्या दारात यायला लागला, मग तिला बाजाराला यायचं कारण उरलं नाही. तरी यायची ती, टेम्पोत बसून, रिकाम्या हातानं, चहाला. आणि पायरीवर बसून म्हणायची, “बाई, पूल केला तुमी लोकायनं, पन माहं चालणं बंद केलं. गुडघे धरले.”

मी निवृत्त होईपर्यंत तसा ढग पुन्हा दोनदा बघितला. दोन्ही वेळा कुणी मंत्री येणार नव्हता, त्यामुळे नुसताच बघितला.

एवढं मात्र शिकले. हेलिकॉप्टरमधून नाला दोऱ्याएवढा दिसतो. पूल हवा असेल तर साहेबाला आधी पाण्यात उतरवावं.