घाऱ्या डोळ्यांची वंशावळ

अंबरनाथच्या कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझे टेबल असते. खेड्यातून येणारी माणसे मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी ती चूक दुरुस्त करीत नाही. कारण वंशावळ मांडण्याच्या कामी माझ्याइतका तरबेज मनुष्य येथील वकिलांतही नाही. जातीचा दाखला असो वा वारसनोंद, मूळ पुरुष शिरोभागी, खाली मुलगे, त्यांच्याखाली नातू, अशी मांडणी मी एका बैठकीत करून देतो.

गेल्या वर्षी चामटोलीहून एक कुटुंब आले. एमआयडीसीत पाळीवर काम करणारा तरुण, त्याची आई, आणि जरा अंतर ठेवून उभी असलेली त्याची बायको. तिच्या कडेवर तान्ही मुलगी होती.

"वकीलसाहेब, सोडचिठ्ठी लिवा. स्टँपवर," सासू म्हणाली.

अशा सोडचिठ्ठीला न्यायालय विचारत नाही, हे मी सांगितले. परंतु गाव मानते, हे ती जाणून होती.

"कारण काय?"

"कारन तिच्या कडंवर हाय. आमचे डोले काले, हिचेबी काले, आन् पोर घारी. मांजरीच्या पोटची हाय का मग?"

तरुण खाली बघत पुटपुटला, "कंपनीत पोरं चिडवतात, साहेब. तेरे घर में फॉरेन का माल आया, बोलतात."

"शपथ घेतली मी," बायको म्हणाली. "नाय ऐकली कुनी."

दहावीत विज्ञानानेच मला अडवले, ही गोष्ट खरी. तथापि आनुवंशिकतेचा धडा मी आजही विसरलेलो नाही. उल्हासनगरात मी भाड्याच्या खोलीत एकटाच राहतो; शेजारच्या सिंधी कुटुंबात आजोबांपासून पणतीपर्यंत एकच नाक फिरताना रोज पाहतो, आणि तो धडा मला रोज आठवतो.

मी त्यांना समजावले. प्रत्येक गुणासाठी मुलाला एक जनुक आईकडून मिळते, एक बापाकडून. काळ्या डोळ्यांचे जनुक प्रभावी; ते एकटे असले तरी त्याचेच चालते. घाऱ्याचे अप्रभावी, ते मागे गप्प उभे राहते, पण रद्द होत नाही. दोन्हीकडून गप्प असलेलेच आले, तर पोर घारे होते. प्रत्यक्षात डोळ्यांचा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, असे एका डॉक्टरांनी मला पुढे सांगितले. मात्र काळ्या डोळ्यांच्या जोडप्याला घारे मूल होऊ शकते, हे त्यांनीही मान्य केले.

"तेव्हा दोन्ही घराण्यांत पूर्वी कोणी घारे होते का, ते पाहू," असे म्हणून मी कोरा कागद ओढला. नवऱ्याचा बाप, आजा, पणजा. बायकोचा बाप, आजा, चुलते. सगळे काळ्या डोळ्यांचे.

"झालं तर मग," सासू म्हणाली. माझाही हात स्टँपपेपरकडे गेला.

बायको कागदावर वाकली. "यात बाया कुठं हायेत?"

"वंशावळीत बाया घेत नाहीत."

"मंग पोरं काय नुसत्या बाप्यांनी काढली? माझ्या आयची आय कुठं बसवनार? तिला समदा गाव घारीच म्हनायचा."

मी कागदाच्या कडेला 'आईची आई, घारी' असे लिहिले. एक बाजू मिळाली होती. मी सासूकडे वळलो. "आणि तुमच्या माहेरी?"

तिने पदर तोंडाशी धरला.

"आये, बोल की," तरुण म्हणाला.

"माझी आय," ती म्हणाली. "मांजरडोली म्हनायचे तिला. तिच्यापायी माझी सोयरीक जमत नव्हती. हितं नांदायला आले, कुनाला बोलले नाय. तुला तर ती आठवतबी नसंल."

या शास्त्राने पितृत्व सिद्ध होत नाही, संशयाचे कारण मात्र उरत नाही, असा निष्कर्ष मी स्पष्ट शब्दांत दिला. तरुणाने हात पुढे केले. "चल, घरी चल. दे तिला इकडं."

"यांच्या कागदावर इस्वास बसला," बायको म्हणाली. "माझ्यावर नाय बसला. मी वांगणीला आयकडं जाते. मला न्यायचं असंल तर तुमच्या आयला आदी गावात बोलू दे, तिची आय घारी व्हती म्हनून."

ती रिक्षात बसली. तरुण पाळीची वेळ झाली म्हणून निघाला. सासू मात्र माझ्या बाकावरच बसून राहिली. तिने विचारले, "साहेब, तुम्हांला पोरंबालं?"

"नाहीत. लग्नच झालं नाही."

"मंग तुमची आय कुनात दिसते?"

माझ्या हनुवटीवरची खळी आईची आहे. ती मी तिला बोट ठेवून दाखवली. तिने नीट पाहिली, मान हलवली आणि चपला घातल्या.

"वांगणीची रिक्षा कुठून भेटंल?" तिने विचारले. "तिथंच जाऊन बोलते पयलं. गावात मंग."

मी तिला स्टँड दाखवले. ती वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. त्या दुपारी दुसरे कोणी आले नाही.