पहिला मान नेटवर्कचा

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे सर्व्हरमधले आभासी कॉम्प्युटर, माझा एक सहकारीच उभी करतो. गावी त्याचं घराणं पालखीचं मानकरी, त्यामुळे चहासुद्धा तो मानाच्या क्रमाने वाटतो. मी सगळ्यांत जुना, म्हणून पहिला कप माझा.

नवं मशीन आधी नेटवर्कवरून सुरू होतं आणि सिस्टिम भरून घेतं. मग सुरू होण्याच्या क्रमात पहिला नंबर त्याच्या डिस्कला द्यायचा. हा देईना. मशीन सुरू केलं की ते स्वतःला पुसून पुन्हा नव्याने भरायचं. माझं तीन दिवसांचं काम पार धुतलं गेलं.

"अरे, क्रम बदल ना!"

"दिलेला मान काढू? गावात फूट पडून दोन होळ्या पेटतात रे अशाने."

तो जेवायला गेल्यावर मीच क्रम बदलला. मशीन झकास चाललं.

संध्याकाळी त्याने चहाचा पहिला कप नेटवर्कच्या डब्यापुढे ठेवला. मला शेवटचा दिला, साय धरलेला.