शेल्टरमधला दुसरा आवाज

माझ्या नवऱ्याचा पहिला अल्बम निघाला तेव्हा तो पंचेचाळिशीला टेकला होता. अल्बम कंट्री म्युझिकचा. दिवसभर बँकेच्या सर्व्हरशी डोकेफोड करणारा पुण्याचा माणूस संध्याकाळी गिटार घेऊन धुळीचे रस्ते, ट्रक आणि मागे राहिलेली गावं यांची इंग्रजी गाणी म्हणायचा. घोड्यावर तो आयुष्यात एकदाच बसला आहे, आमच्या वरातीत, आणि तेव्हाही लगाम घोडेवाल्याच्या हातात होता. पण आवाज चांगला आहे त्याचा. ते मी आजही नाकारत नाही.

रेकॉर्डिंग इथे सिंगापुरात, आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्येच झालं. इथल्या फ्लॅटमध्ये शेल्टर म्हणून एक जाड भिंतींची, बिनखिडकीची खोली असते, युद्ध झालंच तर लपायला. आपले लोक तिथे तांदूळ, बॅगा आणि गणपतीचं मखर ठेवतात. आम्ही मखर बाहेर काढून तिथे माइक लावला. घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखा बंद. घामाने थबथबत मी त्याच्या शेजारी उभी राहून दुसरा आवाज द्यायचे. तो मूळ चाल गायचा, मी तिच्या वरचे सूर धरायचे. ते सूर त्याने मला दिले नव्हते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मीच ते शोधले होते. लग्नाआधी मी गाणं शिकायचे. इथे आल्यावर नोकरी, मुलगी, घर यांत ते सुटलं. त्या कोंदट खोलीत ते मला परत मिळालं होतं. मला दुसरं काही नको होतं.

अल्बम ऑनलाइन आला त्या सकाळी मी पासिर रिसला शाळेत शिकवायला निघाले होते. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हेडफोन लावले, पहिलं गाणं सुरू झालं, आणि माझ्या जागी भलतीच बाई गात होती. सूर माझे. मी जिथे श्वास घेते तिथेच तिचाही श्वास. शेवटच्या स्टेशनात गाडी रिकामी झाली तरी मी बसूनच होते.

संध्याकाळी विचारलं, "माझा आवाज कुठे गेला?"

"अगं, मिक्सिंगवाला म्हणाला, या गाण्यांत तो जरा देवघरातला वाटतो. मग क्लबात गाणारी एक मुलगी मिळाली. तिला तुझंच रेकॉर्डिंग ऐकवलं. तुझे सूर तर ठेवले ना!"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू चिडली असतीस."

मुलीने मोबाइलमधून मान वर न काढता समजूत घातली, "ममा, इट्स ओके लाह. यू आर इन द थँक्स." होते खरी. बायकोचे आभार, न कंटाळता केलेल्या चहाबद्दल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी प्रकाशनाला गेले. सेरंगूनमधल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींनी थाटात सोहळा ठेवला होता. शाल, श्रीफळ, बटाटेवडे, सगळं. त्याने एकट्याने दोन गाणी म्हटली. मग निवेदन करणाऱ्या बाईंनी मला हाताला धरून स्टेजवर ओढलं.

"आता वहिनी उखाणा घेतील! नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही हं."

म्हणजे या अल्बमच्या दिवशी माझ्या तोंडून लोकांना काय ऐकायचं होतं, तर यमकात बसवलेलं त्याचं नाव. माइक हातात आला आणि मी गायले. त्याने नुकत्याच म्हटलेल्या गाण्यातला माझा दुसरा आवाज, शब्द न घेता, नुसता आकारात. मूळ चाल सोबत नसली की तो तुटक वाटतो, मध्येच थांबतो, भलत्याच सुरावर उभा राहतो. हॉलमध्ये कुणालाच ते गाणं ओळखू आलं नाही. लोक अवघडून हसले. ओळखलं फक्त त्याने. खाली मान घालून तो गिटारच्या खुंट्या पिळत बसला. तारा आधीच सुरात होत्या.

"छान हं! पण उखाणा?" बाई म्हणाल्या.

मग घेतला. लग्नात घेतला होता तोच, चांदीच्या ताटाचा. नाव उच्चारलं आणि त्या कार्यक्रमातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. तेव्हा त्याने मान वर केली आणि तोही टाळ्या वाजवू लागला.