एकट्याने उचलायचं टेबल

श्री. मनोहरराव पिंपळखुटे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात सर्वप्रथम मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही. मी पीत नाही, पत्नी पीत नाही, आणि आलागेला चहा घेतल्याशिवाय हलत नाही. असे असूनही आमच्या बैठकीच्या खोलीत मनोहररावांनी हाताने बनवलेलं एक ‘कॉफी टेबल’ आहे, आणि त्याला टीपॉय म्हणण्याची आम्हांला मनाई आहे. एकदा माझ्या तोंडून तो शब्द निघाला, तर ते हातातला कप घेऊन उभेच राहिले. “टीपॉय दुकानात भेटते,” ते म्हणाले, “हे कॉफी टेबल होय.” मग त्याच टेबलावर कप ठेवून त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सोसणं सोपं नाही.

दुसरी बाब तक्रारीची नाही. मानेतली नस दबल्यामुळे मनोहररावांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेल्या वर्षापासून बधिर आहेत. तरीही ते विजेच्या करवतीवर एकटेच काम करतात. गौरवग्रंथात दुखणीखुपणी नकोत, असं संपादक मंडळाचं मत पडलं. मनोहररावांच्या पत्नी सुमनताई यांचं मत नेमकं उलट. “घरचं ऐकत नाहीत. छापलेलं मात्र चष्मा पुसून पुसून वाचतात. तुम्ही लिहाच,” असं त्यांनी मला बजावलं. मंडळाचा आदर आहे. सुमनताईंचा धाक आहे.

आमची ओळख गणेशोत्सवातली. एका नागपुरी दैनिकाचा जबलपूरचा वार्ताहर म्हणून मी तेव्हा नवा होतो. मनोहरराव खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून, लाकडी पेट्यांच्या विभागातून, नुकतेच निवृत्त झाले होते आणि गणेशोत्सव मंडळाला त्यांनी एक टेबल भेट दिलं होतं. नेपियर टाउनच्या सभागृहासमोर टेम्पो थांबला. आत ते टेबल. चार बोटं जाड सागवान, तेवढ्याच जाड बाजू. एका ओंडक्यातून कोरून काढल्यासारखं. आम्ही चौघे बाह्या सरसावून पुढे झालो. मनोहरराव बाजूला उभे राहून “धीरे, भैया, धीरे” एवढंच म्हणत होते. आम्ही श्वास कोंडून जोर लावला, आणि टेबल खांद्यांच्याही वर गेलं. कोषाध्यक्ष मागच्या मागे सतरंज्यांच्या ढिगात जाऊन बसले.

“काहून इतका जोर लावून राहिले?” मनोहररावांनी शांतपणे विचारलं. “पोकळ आहे ते.”

त्यामागची कारागिरी पुढे हळूहळू कळली. त्या भरीव दिसणाऱ्या टेबलात जाड लाकूड नसतंच. एकच लांब, पातळ फळी घेऊन तिचे तुकडे ते तिरक्या कडांनी कापतात आणि असे जोडतात की लाकडाच्या रेषा वरून वाहत येऊन काठावर न तुटता खाली उतरतात. आत आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, बाकी हवा. जोडावरून नख फिरवलं तर ते कुठे अडकता कामा नये, ही त्यांची कसोटी. पूर्वी ती ते डाव्या हाताने घेत असत.

मी एकदा म्हटलं, “मनोहरराव, हा शुद्ध मायावाद झाला. आहे एक, भासतं भलतंच.”

त्यांनी रंधा थांबवला नाही. “माया-बिया मले समजत नाही. क्वार्टरमधी आमच्याकडे भरीव सागवानाचं टेबल होतं. रोज सरकवून सरकवून हिची कंबर गेली, न् मले पत्ता नाही. पाहुण्याले भक्कम दिसावं, झाडणाऱ्याले हलकं लागावं. बस.”

त्यातूनच त्यांचा तो प्रसिद्ध नियम आला. टेबल ज्या घरी जायचं, तिथे झाडू कोण मारतं हे ते आधी विचारतात. त्या व्यक्तीने सर्वांसमक्ष ते एकट्याने उचलून बाजूला ठेवल्याशिवाय टेबल त्या घरचं होत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात या प्रश्नावर साहेबांनी बाईसाहेबांकडे पाहिलं आणि बाईसाहेबांनी खिडकीबाहेर, असं ऐकतो. आमच्याकडे मी मोठ्या आवाजात सांगितलं, “आम्ही सगळे मिळून झाडतो.” स्वयंपाकघरातून पत्नीचा, वंदनाचा आवाज आला, “अच्छा?” मनोहररावांनी पुढचं काही विचारलं नाही, तिलाच बोलावलं. तिने टेबल उचललं, ठेवलं आणि म्हणाली, “हलकं आहे हो भाऊ, पण धरायला जागा कुठे आहे?” ते टेबल परत घेऊन गेले. पुन्हा आणलं तेव्हा खालच्या अंगाला दोन्हीकडे बोटं नीट अडकतील अशा खाचा होत्या. आता त्यांच्या प्रत्येक टेबलाला त्या असतात.

माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा मनोहरराव एकदा येऊन नुसते बसून गेले. चार दिवसांनी त्यांनी एक उंच, अरुंद टेबल आणून पलंगाशी लावलं. आईला ते एका हाताने ओढता येत होतं. दुसऱ्या हाताने तिला वडिलांना धरून बसवावं लागे, हे घरात राहून आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आभार मानायला गेलो, तर त्यांनी आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असल्याचा विषय काढला. दुसऱ्यांच्या भिंती सरळ करण्याचा त्यांना व्यासंग आहे.

मागच्या महिन्यात सहज म्हणून त्यांच्या घरी गेलो होतो. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये करवत नुकतीच थांबली होती. मनोहरराव फळी डोळ्यांसमोर धरून तिची कड पाहत होते. फळीवर लाल ठिपके होते.

“मनोहरराव, हात.”

“काय झालं हाताले?”

“रक्त येऊन राहिलं.”

त्यांनी डावा हात उलटा करून पाहिला. दुसऱ्या कोणाचा असावा तसा. “अच्छा,” ते म्हणाले, “हे कधी लागलं?” आणि आधी फळी पुसायला घेतली.

जखम लहान होती. पट्टी बांधून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “हिले सांगू नका.” सुमनताई दारातच उभ्या होत्या.

मनोहररावांना खूप आयुष्य मिळावं, आणि ते दहाही बोटांसकट मिळावं. करवत बंद करा, असं मी त्यांना म्हणणार नाही. म्हणून उपयोग नाही, आणि हातात काम नसलेले मनोहरराव मला बघवतील असंही वाटत नाही. करवत चालू असेल तेव्हा शेजारी कोणीतरी असावं, एवढंच आपल्या मंडळींना सांगणं आहे. सुमनताईंना आता तासन्‌तास उभं राहवत नाही. मी जमेल तसा जातो, पण रोज जमत नाही. लागलेलं त्यांचं त्यांना कळत नाही, आणि ते सांगायला त्या वेळी तिथे कोणी नसेल, याची मला भीती वाटते.