आबीचा मका आणि सुखाची मोजणी

आबी छेकीला, म्हणजे छेकी आजीला, मचाणावरून खाली उतरवलं ते लोदेनं, आणि तेही ती सुखी आहे का हे विचारायला!

नियमच तसा होता. देशाची मिळकत वाढली आणि माणसं कुढतच राहिली तर ती वाढ काय चाटायची, असं मानणारं आपलं राज्य. म्हणून गावोगाव माणसं पाठवून सुख मोजायचं. प्रश्न घरात, निवांत बसून विचारायचे. मोजणीला आलेला, मोंगरच्या शाळेत शिकलेला लोदे नियमाला पक्का.

"दाशो," आबी म्हणाली. मोठ्या साहेबाचा हा मान ती या पोराला थट्टेनं देत होती. "इथूनच विचार की. मका तयार झालाय, माकडं टपून बसलीत."

"तासाभराचं काम आहे, आबी."

तासाचे तीन झाले. आबीनं आधी आरा, म्हणजे घरची दारू, गरम करून त्यात अंडं सोडलं. ते प्यायल्याशिवाय ती बोलायला तयार नव्हती.

"समाधान किती, दहापैकी?"

"आठ."

"दोन कुठं गेले?"

"दातांबरोबर."

"अडीअडचणीला किती जण धावून येतील?"

आबीनं बोटं मोजून पाहिली. नवरा तिशीतच गेलेला, मुलगी दूर राजधानीत, थिंफूला. "दोन. शेजारचा म्हातारा, मेमे जुर्मे, आणि त्याची बायको. तीही त्या दिवशी नवऱ्याशी भांडली नसेल तर."

"जंगली जनावरांनी पिकाची नासाडी?"

"यंदा एक कणीस नाही!" आबीनं छाती फुगवली, आणि बाहेर कुत्रा भुंकायला लागला.

दोघं धावत गेली तोवर अर्धं शेत आडवं झालं होतं. माकडं बांधावर बसून शांतपणे कणसं सोलत होती. आबीची हिवाळ्याची सगळी बेगमी ती. तिनं एक अर्धवट खाल्लेलं कणीस उचललं, निरखलं आणि टोपलीत टाकलं. लोदेला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या टोळी परत येणार हे पक्कं होतं. उरलेला मका आजच काढायला हवा, आणि एकट्या म्हातारीला तो चार दिवसांचा धंदा. मेमे जुर्मेनं उतारावरून हाळी दिली. एकेक करत, मेमे धरून, नऊ जण आले. लोदे कणसं वाहू लागला.

"सापळे लाव म्हणून कधीचं सांगतोय," मेमे कुरकुरला.

"आणि पुढच्या जन्मी मीच माकड झाले तर? जंगल राखायचं म्हणतो ना आपण सगळे? मग जंगलात काय नुसती झाडंच राहणार?"

दिवस मावळायच्या आत अर्धा मका घरात आला. माघापर्यंत पुरणार होता. पुढचं पुढं. आबी ओट्यावर टेकली.

"दाशो, ते 'दोन' लिहिलंयस ना? खोड. नऊ कर."

"आणि समाधानाचे आठ?"

"ते राहू दे. ते काय माकडांना विचारून दिले होते?"

पण गावाची रीत अशी, की कुणी दिवसभर राबलं तर आपणही त्याच्या शेतात दिवसभर राबायचं. नऊ दिवस, आणि आबीचे ते गुडघे! "मी फेडतो," लोदे बोलून गेला.

"तुला विळा कुठल्या बाजूनं धरतात ते तरी माहितीय का?"

मोजणी संपल्यावर त्यानं रजा टाकली. "सोयरीक जमली काय तिकडं?" वरिष्ठांनी फोनवर विचारलं. तो शेतामागून शेत राबत गेला, आणि प्रत्येक बांधावर त्याला आबीच ऐकायला मिळाली. एकीचं बाळंतपण आबीनं बर्फ पडत असताना केलं होतं. एकाचं घर जळालं तेव्हा सहा माणसं तिच्या चुलीभोवती पावसाळाभर झोपली होती. हे तिनं त्या तीन तासांत सांगितलंच नव्हतं. त्याच्या कागदावर तसा प्रश्नच नव्हता. हाताला फोड आले, पण घरात बसून विचारायच्या त्या मूर्ख नियमाचे लोदेनं मनोमन आभार मानले.

आठ दिवस फिटले. नववा मेमे जुर्मेचा.

"माझं राहू दे," मेमे म्हणाला. "फिटलं की तू कशाला येतोस परत?"

गेली तीन वर्षं मका तयार झाला की लोदे जातो, आबीच्या मचाणावर बसून डबा बडवतो आणि मग विळा घेऊन मेमेच्या दारात उभा राहतो. मेमे दरवेळी काहीतरी कारण काढतो. यंदा म्हणे विळ्याला धार नव्हती.